नारळ न सोसणारा साकव

आरंभीच क्षमा मागते. मला लिहिण्याचा सराव नाही आणि अधिकार तर त्याहून नाही. सावंतवाडीच्या एका शाळेत मी निवृत्तीपर्यंत मराठी शिकवले. म्हणजे इतरांच्या निबंधांत तांबड्या शाईने ढवळाढवळ केली आणि स्वतः मात्र रजेच्या अर्जापलीकडे काही लिहिले नाही. ज्यांना चांगले लिहिता येते त्यांनी लिहावे आणि माझ्यासारखीने वाचावे, ही व्यवस्था मला मनापासून मान्य होती, अजूनही आहे. पण गेले काही महिने माझ्या मनात एक संताप साचून राहिला आहे. आमच्या घरात मोठ्याने संतापण्याचा मक्ता फार पूर्वीपासून दुसऱ्याच एका व्यक्तीकडे असल्यामुळे मला तो कागदावर उतरवण्यावाचून वाट राहिलेली नाही.

ती व्यक्ती म्हणजे माझे थोरले दीर. या किनाऱ्यावर, मालवणपासून आरोंद्यापर्यंत, त्यांच्याइतका अखंड, शिस्तबद्ध आणि नाना कारणांनी रागावलेला माणूस झाला नाही, असे मी पूर्ण जबाबदारीने म्हणते. इतर माणसे तापतात आणि निवतात. भावजींचा राग नंदादीपासारखा होता. त्यात रोज तेल घातले जाई. सकाळी ते गंजावर रागावत. फाटकाची कडी, विहिरीचा रहाट, खिडकीचे गज, जे जे लोखंडी ते ते खाऱ्या वाऱ्याने खाल्लेले पाहून ते त्या वस्तूंना उद्देशून बोलत, आणि त्या वस्तू उत्तर देत नाहीत म्हणून आणखी चिडत. दुपारी वर्तमानपत्रात कोठल्या तरी पुलाच्या उद्घाटनाचे छायाचित्र असे. ते पाहून त्यांचे जेवण लांबे. संध्याकाळी राग येण्याजोगे काही घडले नाही, तर आमच्या अंगणातून जाणाऱ्या येणाऱ्याला थांबवून ते त्याच्या दुचाकीच्या मडगार्डाविषयी विचारत. माझे यजमान हे त्यांचे धाकटे भाऊ. ते अशा वेळी हळूच घरात जाऊन पडतात. आयुष्यभर त्यांनी थोरल्या भावापासून बचावाचा हा एकच मार्ग वापरला आहे.

भावजी पुण्याच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात प्राध्यापक होते, आणि सुट्टी लागली की गावच्या घरी येत. काचेच्या तंतूंचे कापड रेझिन नावाच्या चिकट द्रवात भिजवून त्याचे दोन पातळ, टणक थर करायचे, दोहोंच्या मध्ये हलका फोम भरायचा, आणि असा तक्ता पुलाचा चालण्याचा भाग म्हणून किती भार सोसतो हे यंत्राखाली दाबून पाहायचे, असे त्यांचे काम. म्हणजे आधी मोठ्या कष्टाने एक वस्तू बनवायची आणि मग तितक्याच कष्टाने ती मोडायची. त्यांच्या पत्नी, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, ज्यांना मी वयनी म्हणते, त्या आल्यागेल्याला सांगत, ‘मोडूचो पगार घेणारो आमच्या घराण्यात हो पयलोच.’

हा विषय ते कोणालाही, कोठेही समजावून सांगत. समोरच्याला तो कळला नाही की रागावत, आणि कळल्याचे त्याने खोटेच सांगितले की अधिक रागावत. जेवताना तर सुटका नव्हतीच. तांदळाची भाकरी तव्यावरून फुगून ताटात आली की ते तिच्या वरच्या पापुद्र्यावर अंगठा दाबत. ‘पाहा. पापुद्रे दोन, मध्ये पोकळी. वरचा सुरकुतला. या पोकळीत हलके, पण दोन्ही पापुद्र्यांना घट्ट चिकटलेले काही असते, तर सुरकुतला असता का? वाकताना ताण घेतात ते पापुद्रे. फोम त्यांना एकमेकांपासून दूर आणि जागच्या जागी ठेवतो. इतके साधे आहे.’ वयनी पुढची भाकरी वाढता वाढता शांतपणे म्हणत, ‘उद्यापास्ना फोम भरून वाढतंय. खातलास मां?’ मग भावजी माझ्याकडे वळत. ‘तू शिक्षिका. तुला तरी कळले का?’ थोरल्या दिरांसमोर मान वर करून बोलण्याची आमच्या पिढीला सवय नाही. मी भाकरीकडे पाहून होकार देई. एकदा त्यांनी तिथल्या तिथे परीक्षा घेतली आणि मी नापास झाले.

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात एक नाणे कायम असे. असे थर कोठे सुटले आहेत का, हे नाण्याने ठकठक करून ऐकण्याची त्यांच्या शास्त्रात पद्धत आहे. नीट चिकटलेले असेल तर आवाज खणखणीत येतो, सुटले असेल तर बसका. ही पद्धत भावजींनी साऱ्या सृष्टीला लावली. फणस आपण सगळेच वाजवून पाहतो. भावजी लोकांची दारे, भिंतींचा गिलावा, दुकानातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या वाजवून पाहत. माझ्या यजमानांचा पाय प्लास्टरमध्ये असताना ते रोज सकाळी येऊन तो वाजवत आणि कान लावत. घोट्याजवळ आवाज बसका आहे, डॉक्टरने घाई केली आहे, असे निदान करून ते डॉक्टरांना सांगायला गेले. डॉक्टरांनी काय उत्तर दिले ते कळले नाही. पण पुढल्या वेळी यजमानांना औषधासाठी मालवण सोडून कुडाळला जावे लागले.

हा मनुष्य निवृत्तीनंतर गावात कायमचा परत का आला, ते सांगितले पाहिजे. आमच्या घराखालून एक व्हाळ, म्हणजे ओढा, खाडीकडे जातो. पलीकडच्या काठावर एक वाडी आहे. भरतीला खाडीचे खारे पाणी व्हाळात शिरते आणि ओहोटीला मागे फिरते. पायी जाण्यापुरता जो लहान पूल, त्याला आम्ही साकव म्हणतो. तो पूर्वी पोफळीच्या खोडांचा होता. दर वर्षी बदलावा लागे. पुढे सिमेंट आणि लोखंडाचा झाला. खाऱ्या पाण्याने आतले लोखंड गंजले, फुगले, वरच्या सिमेंटचे पोपडे निघाले, आणि एका पावसाळ्यात तो साकव मधोमध मोडून पाण्यात बसला. त्या वेळी वर कोणी नव्हते, म्हणून ती बातमी झाली नाही. वाडीची माणसे ओहोटी पाहून ये-जा करू लागली. रस्त्याने यायचे तर खाडीला भला मोठा वळसा पडतो आणि वाडीत गाडी जात नाही. त्याच दिवसांत, लहानपणी भावजींबरोबर शाळेत जाणारे, वाडीतले एक गृहस्थ छातीत कळ येऊन पलीकडच्या काठावर खुर्चीत बसून पाणी उतरण्याची वाट पाहत राहिले. ओहोटी उशिरा आली. भावजी पुण्याहून आले ते त्यांच्या बाराव्याला, आणि परत गेले ते केवळ सामान आणायला.

तक्ता त्यांनी मालवणजवळ फायबरच्या होड्या बनवणाऱ्या एका शेडमध्ये करून घेतला. तेथील लोकांशी त्यांचे रोज भांडण होई, कारण ते रेझिन हाताच्या अंदाजाने मिसळत आणि भावजी डोक्याशी थर्मामीटर घेऊन उभे राहत. तरीही तक्ता झाला, आणि इतका हलका झाला की वाडीच्या माणसांनी तो मांडवाच्या वाशासारखा खांद्यावर घेऊन आणला. हलका झाला, हेच त्याचे पहिले दुर्दैव. आमच्याकडे जे जड ते मजबूत. पाटा जड, दार जड, देवळाची घंटा जड. हसत हसत उचलून आणलेल्या वस्तूवर गावाचा विश्वास बसणे अवघडच होते.

भावजींना हा अविश्वास सर्वांसमक्ष मोडून काढायचा होता. आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, दोन बाजूंना चिरे रचून त्यांवर तक्ता टेकवला, खाली वाक मोजणारे सुईचे यंत्र बसवले, आणि वर पंगत मांडली. वडे-सागोती. सगळी वाडी आली. भावजी तक्त्याखाली आडवे पडून सुई वाचत होते आणि तेथूनच वाढप्यांना आज्ञा देत होते. ‘अजून दोघे बसवा. मधे बसवा, मधे. वाढप्याने वर चढू नये, तो भारात धरलेला नाही.’ एक गृहस्थ सोलकढीसाठी अर्धवट उठले, तेव्हा खालून भावजींचा असा आवाज आला की ते उरलेले सगळे जेवण श्वास रोखून जेवले. आकडा लिहून होईपर्यंत कोणाला हात धुवायला उठू दिले नाही. उष्ट्या हातांनी माणसे फोटोला बसल्यासारखी बसली होती. तक्ता किंचित वाकला, आणि पंगत उठताच सरळ झाला. भावजी खालून बाहेर आले. केसांत माती, चष्मा कपाळावर, आणि चेहऱ्यावर राग नाही. त्यांना तसे मी प्रथमच पाहत होते, म्हणून नीट पाहून घेतले. एवढ्यात तोंड पुसत पुसत कोणीतरी म्हणाले, ‘बरो आसा. पण हलता.’

त्या ‘हलता’ने पुढे आमच्या घराचा जीव खाल्ला. भावजी काठावर उभे राहून प्रत्येकाला सांगत की वाकणे वेगळे आणि मोडणे वेगळे. ‘हा पदार्थ मोडायच्या कितीतरी आधी वाकतो. वाकून सांगतो की माझ्यावर भार आहे. तुमचा सिमेंटचा साकव कधी हलला होता का? आणि आता तो कोठे आहे? व्हाळात बघा.’ लोक व्हाळात बघत, मान डोलावत, आणि जाताना पुन्हा तेच म्हणत. एकदा रापणीचे जाळे ओढून परतणाऱ्या मंडळींना त्यांनी अडवले. ‘समुद्रावर फायबरच्या होडीत बसता, आणि इथे व्हाळावर तुमची गाळण उडते?’ त्यांतला एकजण अगदी आदराने म्हणाला, ‘अहो, होडी हलतलीच, ती पाण्यात आसा. साकव हललो तर तो साकव कसलो?’ भावजी तडक घरी आले आणि पुढचे दोन दिवस त्यांनी फाटकाच्या कडीला धारेवर धरले.

साकव जागेवर बसला तेव्हा देवळाचे मानकरी गाऱ्हाणे घालायला आले. ते ऐंशीच्या पुढचे आहेत, आणि भावजींना ‘झिला’, म्हणजे ‘मुला’, अशी हाक मारणारे गावात ते एकटेच उरले आहेत. त्यांनी हातात नारळ धरून सुरुवात केली. ‘बा देवा म्हाराजा, ह्या झिलान ह्यो साकव घातलेलो आसा, त्येका तुझो आधार दी म्हाराजा.’ सगळे म्हणाले, ‘होय म्हाराजा.’ ‘येणाऱ्या-जाणाऱ्याची राखण कर म्हाराजा.’ ‘होय म्हाराजा.’ ‘आणि तो जो हलता, तेवढा त्येचा हलणा बंद कर म्हाराजा.’ ‘होय म्हाराजा’ म्हणण्याच्या आत भावजी मध्ये पडले. ‘ते मागणे मागे घ्या. तो हलायलाच हवा.’ गाऱ्हाण्यात असा अडथळा गावाच्या स्मरणात कोणी आणलेला नव्हता. त्यातून कसेबसे निभावले, तर मानकरी नारळ फोडायला तक्त्याच्या मधोमध वाकले, आणि भावजींनी त्यांचा हात धरला. वरचा थर पातळ असतो. पसरलेला भार तो खुशाल सोसतो, पण एकाच टोकावर बसलेला जोराचा घाव त्याखालचा फोम चेपून टाकतो, आणि तो घाव वरून दिसतही नाही. हे त्यांनी समजावून सांगितले असते, तर कदाचित कोणी ऐकले असते. ते ओरडले, ‘यावर नारळ फोडायचा नाही.’ शेवटी काठावरच्या चिऱ्यावर नारळ फुटला. पण घरी परतताना मानकरी जे म्हणाले ते त्या दिवशी प्रत्येक चुलीपाशी पोचले. ‘जो साकव नारळ सोसणा नाय, तो देवाक काय सोसतलो?’

तरीही साकव चालला. मासळीच्या टोपल्या गेल्या, गॅसची सिलिंडरे गेली, काजूची पोती गेली, आणि एक वरात गेली. पंधरा ऑगस्टची प्रभातफेरी मात्र भावजींनी काठावर थांबवली. सगळ्यांची पावले एकदम पडली तर साकव त्या तालात झुलेल, म्हणून त्यांनी मुलांना हुकूम दिला की पलीकडे अस्ताव्यस्त जायचे. मुलांनी तो हुकूम इतक्या निष्ठेने पाळला की फेरी पुन्हा जुळवण्यात मास्तरांची सकाळ गेली. पण त्या वर्षी वाडीतल्या कोणालाही पाणी कधी उतरते हे पाहावे लागले नाही. मी हे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे जे झाले त्यात ही गोष्ट सर्वांनी एकमताने विसरायची ठरवली.

शिमग्यात देवाची पालखी वाडीत जाते. साकवावरून ती प्रथमच जाणार होती. नेमके त्याच वेळी भावजींना पुण्याला त्यांच्या जुन्या महाविद्यालयात याच साकवावर व्याख्यान द्यायला बोलावले होते. ते नवा सदरा घालून, पंगतीची छायाचित्रे पिशवीत घेऊन, प्रवासभर कोणावर रागवावे याचा विचार करत निघाले. ते गेल्यावर गावकऱ्यांनी टेम्पो भरून चिरे आणले. तांबडे, अस्सल जांभ्याचे, एकेक उचलताना गड्याची कंबर वाकावी असे. ते त्यांनी तक्त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन थरांत मांडले, मध्ये माती घालून धुम्मसाने ठोकली, आणि कडेला चुन्याची रेघ ओढली. देव जाताना साकव हलू नये, एवढीच त्यांची इच्छा होती.

मी मानकऱ्यांकडे गेले. म्हटले, भावजी येईपर्यंत तरी थांबा. ते ओसरीवर पान जुळवत होते. ‘बाये,’ ते म्हणाले, ‘तू शाळेत शिकयलंस ता खरा. पण ह्या देवाचा काम आसा.’ मी पुण्याला दूरध्वनी केला. व्याख्यान चालू असल्यामुळे तो बंद होता. तिकडे भावजी पडद्यावर आपला साकव दाखवत असतील आणि इकडे त्यावर ढोल वाजवत पालखी चालली होती. साकव खरेच हलला नाही. त्याला हलायला ताकदच ठेवली नव्हती.

माझा संताप येथे सुरू होतो, आणि तो कोठे संपवावा हे मला कळत नाही. ज्यांनी हे केले त्यांनी ते भक्तीने आणि मायेने केले. दुष्टपणाने केले असते, तर रागाला पाय टेकायला जागा मिळाली असती. ज्या माणसाने आपल्या उतारवयातली सगळी शक्ती एक वस्तू हलकी करण्यात घातली, त्याच्या पाठीमागे त्याच वस्तूवर डोंगर रचायचा, वर रांगोळी काढायची, आणि तो आला की कौतुकाची वाट पाहत उभे राहायचे. या निरागसपणावर काय बोलावे? मला तर असे वाटते की मूर्खपणाला शिक्षा देता येते. प्रेमळ मूर्खपणापुढे माणूस नुसता हात चोळत बसतो.

भावजी आले ते थेट साकवाकडे गेले. मानकरी तेथेच होते. ‘झिला, आता बघ,’ ते म्हणाले, ‘हलणा नाय.’ भावजींनी खाली वाकून पाहिले. तक्त्याला मधोमध पोट आले होते. सगळे गाव गडगडाट ऐकायला जमले होते. पण ते अतिशय हळू बोलले. ‘तुम्ही एका साकवावर दुसरा साकव रचलात,’ ते म्हणाले, ‘आणि दोघांचाही भार त्या गरिबाच्या डोक्यावर ठेवलात. आता ते चिरे काढा. आज काढा. थोडा वेळ दिलेला भार तो विसरतो. रात्रंदिवस ठेवलेला भार विसरत नाही. आतला फोम हळूहळू बसत जातो.’

पण चिरे काढणार कसे? त्यांवरून देव गेला होता. देवाच्या पायाखालचा दगड देवाला विचारल्याशिवाय हलवायचा नाही, आणि देवाला विचारायचे म्हणजे कौल घ्यायचा. देवाच्या पाषाणावर उजवीकडे आणि डावीकडे ओल्या फुलांच्या पाकळ्या चिकटवतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. ज्यांनी देवळात पाऊल ठेवल्याचे वयनींनाही आठवत नव्हते, ते भावजी दुसऱ्या दिवशी तेथे हात बांधून उभे राहिले. मानकऱ्यांनी पाकळ्या लावल्या. पाकळ्या बसल्या त्या बसल्या. भावजींचे सारे आयुष्य एक पदार्थ दुसऱ्याला चिकटवून तो कधी सुटतो हे पाहण्यात गेले होते, आणि आता त्यांच्या डोळ्यांसमोर दोन पाकळ्या अशा घट्ट बसल्या होत्या की त्यांच्या कोणत्याही रेझिनने लाजावे. ‘उजवीकडे पाणी जरा जास्त लावा,’ ते म्हणाले. ‘झिला, देवाक शिकव नुको,’ मानकरी म्हणाले. भावजींनी मग हवेतल्या दमटपणावर काही सांगायला सुरुवात केली. वयनींनी मागून सदरा ओढला. ‘गप रवा. हंय तुमचा कॉलेज नाय.’

त्या दिवशी कोणतीच पाकळी पडली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. भावजी रोज सकाळी साकवाच्या दोन टोकांना दोरी ताणून पोट किती वाढले ते पाहत, आणि मग देवळात येऊन उभे राहत. त्यांना घाई होती, आणि देवाला नव्हती. त्यांनी कोणत्या दिवशी हात जोडले ते मला सांगता येणार नाही. एकदा वर पाहिले तेव्हा ते जोडलेले होते. शेवटी उजवी पाकळी पडली. पडली म्हणजे सुकून गळली, असे भावजींचे मत. पण त्यांनी ते मनातच ठेवले, यावरून त्यांची काय अवस्था झाली होती ते समजावे. पहिला चिरा त्यांनी स्वतः उचलला.

ओझे उतरल्यावर तक्ता हळूहळू वर आला. एकदम नाही, आजाऱ्याला मऊ भात अंगी लागावा तसा, दिवसादिवसाने. पण पूर्ण सरळ झाला नाही. थोडे पोट राहिलेच. भावजींनी तो या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासला, पोती ठेवून पाहिला, उतरवून पाहिला. कोठे सुटलेला नव्हता, कोठे चिरलेला नव्हता. ‘दिसायला वाकला आहे,’ ते म्हणाले, ‘सोसायला पहिल्याइतकाच आहे.’

त्यानंतर तालुक्याच्या कचेरीतून एक तरुण अभियंता आला. सभ्य मुलगा होता. चपला काढून ओसरीवर आला, कोकम सरबत घेतले, भावजींना ‘सर’ म्हणाला. साकवावर मात्र त्याने पाऊल ठेवले नाही. काठावरूनच मान तिरकी करून पाहिले. ‘सर, मला कळते आहे,’ तो म्हणाला, ‘पण वाकलेला दिसतो ना. वाकलेल्यावर मी सही कशी करू?’

‘मागचा न वाकता मोडला,’ भावजी म्हणाले. ‘त्यावर सही कोणी केली होती?’

मुलाने कागद पिशवीत घातले. त्याच्या मागे पाच-सहा वाडीकर उभे होते, आणि नव्या सिमेंटच्या साकवाची मागणी त्यांनीच केली होती, हे तेव्हा आम्हाला कळले. जड, घट्ट, न हलणारा साकव. तोच खारा वारा, तेच लोखंड, आणि तोच गंज. मंजुरी मिळायला काही अडचण आली नाही. जे मोडते ते बांधायची रीत सर्वांच्या परिचयाची असते. पाऊस संपला की काम सुरू होईल. तोवर दोन्ही टोकांना साखळी आणि फलक: ‘धोकादायक. वापर बंद.’ त्या फलकाचा पत्रा कोपऱ्याला एवढ्यातच गंजू लागला आहे.

आणि भावजींचा राग गेला. फाटकाची कडी कुरकुरते, ते काही म्हणत नाहीत. वर्तमानपत्रात पुलांची छायाचित्रे येतात, ते पान उलटतात. भाकरी फुगून येते आणि ते मुकाट्याने खातात. वयनी दर वेळी तवा खाली ठेवून क्षणभर थांबतात, मग पुढची थापायला घेतात. माझे यजमान हल्ली घरात जाऊन पडत नाहीत. भावाशेजारी ओसरीवर बसतात, आणि दोघेही व्हाळाकडे पाहतात. घरात इतकी शांतता आम्ही आयुष्यभर मागितली होती. ती मिळाल्यावर तिचे काय करावे, हे आमच्यापैकी कोणालाच समजत नाही.

वाडीची माणसे अजून त्याच साकवावरून जातात. साखळी काढतात, पलीकडे पोचतात, आणि साखळी पुन्हा नीट अडकवून ठेवतात. भरतीच्या वेळी तर रांग लागते. भावजी ओसरीवरून ते पाहतात.

गेल्या आठवड्यात संध्याकाळी वयनी अंगणातून खाली उतरल्या. त्यांनी त्या साकवावर कधीही पाऊल ठेवलेले नव्हते. पलीकडे जायचे काही कामच पडले नाही, असे त्या सांगत. त्यांनी साखळी काढली, पदर खोचला, आणि मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. खाली भरतीचे पाणी आत येत होते. साकव त्यांच्या वजनाने जरासा झुलला. त्यांनी कठडा धरला नाही.

‘हलता हां,’ त्या काठाकडे पाहून म्हणाल्या.

भावजी ओसरीवरून उठून काठापर्यंत गेले होते. पुण्याला गेल्यापासून घरात प्रमाण मराठीखेरीज दुसरे न बोलणारा तो माणूस म्हणाला, ‘हलतलोच.’

‘माका वाटला पडतलंय.’

‘पडूचंस नाय,’ ते म्हणाले. ‘रव थंयच. घाई करू नको.’

वयनी तेथेच उभ्या राहिल्या. किती वेळ, ते मी पाहिले नाही. मी घरात आले. त्या दोघांकडे पाहत राहणे मला योग्य वाटले नाही.

सिमेंटचा साकव व्हायला अजून अवकाश आहे. तोवर आपण कधी धामापूरचे तळे पाहून मालवणकडे निघालात, आणि वाट वाकडी करून आमच्या व्हाळापाशी आलात, तर साखळी दिसेल, फलक दिसेल, आणि त्यामागे थोडा वाकलेला, हलका, हलणारा साकव दिसेल. आपण त्यावर पाऊल ठेवाल का?